वडगाव, पण कोणते?

इतिहासाच्या पुस्तकात १७७९ सालचा वडगावचा तह येतो. बोरघाट चढून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत पोहोचली, मागे फिरली आणि वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. आता वर्गात पुणे जिल्ह्याचा नकाशा लावा व विद्यार्थ्यांना हे वडगाव शोधायला सांगा. कोणी वडगाव शेरीवर बोट ठेवील, कोणी बारामतीकडच्या वडगाव निंबाळकरवर, तर कोणी आंबेगाव तालुक्यातल्या वडगाव काशिंबेगवर. तह झाला तो मावळातल्या वडगावी.

एकाच नावाची इतकी गावे का? गावाला नाव देताना माणसे डोळ्यांसमोर दिसणारी वस्तू घेतात. मावळातच जांभूळ, नवलाख उंबरे, आंबेगाव ही नावे पाहा. वड तर सगळीकडे असतो. बाजाराच्या टापूत एकच वडगाव असेपर्यंत काही अडत नाही. सारा वसुली, टपाल, रेल्वे यांची एकच लांब यादी झाली, की घोटाळा सुरू होतो आणि नावाला शेपूट लावावे लागते.

हे शेपूट बहुधा घराण्याचे असते. सेनापती दाभाड्यांचे ते तळेगाव दाभाडे, शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे. पत्रावर नुसते 'तळेगाव' लिहिले, तर नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणेही भलतीकडे जायचे. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला, तेव्हा एकाला ४१०५०६ आणि दुसऱ्याला ४१२२०८ अशी ओळख मिळाली.

दुसरी तऱ्हा बुद्रुक आणि खुर्द यांची. मूळ फारसी शब्द. अर्थ थोरले व धाकटे. आजच्या लोकसंख्येवरून मात्र ते ताडून पाहू नये. वस्ती वाढते-घटते, शिक्का तसाच राहतो. अशी जोडगावे पुष्कळदा शेजारी असतात. मावळात टाकवे बुद्रुक आंदर मावळात आहे आणि टाकवे खुर्द कामशेतजवळ. तेथे एक गाव फुटून दोन झाली, असे नुसत्या नावावरून म्हणणे धाडसाचे होईल.

स्लाव्ह भाषांच्या मुलखातही हेच घडले आहे. रशियात 'नोवगोरोद' म्हणजे नवे शहर. त्यातला 'नोव' आणि आपला 'नव' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. व्होल्गा व ओका नद्यांच्या संगमावरचे ते निझ्नी, म्हणजे खालचे नोवगोरोद. वोल्खोव नदीवरच्या जुन्या नोवगोरोदला १९९९ मध्ये अधिकृतपणे 'वेलिकी' म्हणजे थोर हे विशेषण जोडले गेले. आपल्या भाषेत बुद्रुकच म्हणा ना! रोस्तोव नावाच्या दोन शहरांपैकी एकाची ओळख दोन नदीवरून पटते.

नदीवरून ओळख पटवण्याची युक्ती मावळालाही ठाऊक आहे. लोणावळ्यालगत कुसगाव बुद्रुक, शिवाय कुसगाव खुर्द; तिसऱ्या कुसगावाला विशेषण उरले नाही. म्हणून पवना नदीच्या खोऱ्यावरून ते झाले कुसगाव पवन मावळ. इंग्रजी यादीत त्याचे 'पी. एम.' होते, आणि परक्या वाचकाला ती दुपारनंतरची वेळ वाटते.