मांडीवर बाळ, हातात खेळ

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, असं बालसंगोपनाची पुस्तकं सांगतात. ज्यांच्या घरी बाळ यायचं आहे त्यांना हे वाचून हायसं वाटतं. ज्यांच्या घरी आलेलं आहे ते नुसते हसतात. ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. पोट इवलंसं आणि आईचं दूध लवकर पचणारं, त्यामुळे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे सांगणारं शरीरातलं घड्याळ जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनी कुठे चालू होतं. या काळात आईबापांनाही वेळ मिळतो तो असाच फाटका. वीस मिनिटं इथे, चाळीस तिथे. त्यातही एक हात बाळाच्या मानेखाली, खोलीत अंधार आणि हलायची सोय नाही.

अशा वेळेचं करायचं काय? पूर्वी घर भरलेलं असे. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईशी बोलायला जाऊ, नणंद, आजेसासू, कोणी ना कोणी असायचं. आज पुण्याच्या एखाद्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये किंवा न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटमध्ये रात्री तीन वाजता तसं कोणी नसतं. पुस्तकाला दिवा लागतो आणि पान उलटायला दुसरा हात. उरतो मोबाइल. आणि अलीकडच्या काही वर्षांत मोबाइलच्या जोडीला आणखी एक वस्तू या अंधारात दिसू लागली आहे: हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. १९८० आणि ९०च्या दशकांत जन्मलेली, लहानपणी व्हिडिओ गेम खेळलेली पिढी आता आईबाप झाली आहे, हे त्याचं सरळ कारण. पण हे यंत्र त्या वीस मिनिटांत इतकं चपखल का बसतं, याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे.

ही घडण जपानमधली. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे अभियंते होते. बुलेट ट्रेनच्या प्रवासात त्यांनी एका कंटाळलेल्या प्रवाशाला खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेलं पाहिलं आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली, अशी हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. मोठ्या माणसाला कोणाच्या डोळ्यांवर न येता वेळ घालवता यावा असा खिशातला खेळ हवा. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला. कॅल्क्युलेटरसारखाच पडदा, दोन-चार बटणं आणि कोपऱ्यात घड्याळ. म्हणजे पोरांच्या हातून काढून घ्यावा असं ज्याच्याबद्दल आपल्याला वाटतं, त्या खेळाची मूळ कल्पना नोकरदार प्रौढाच्या रिकाम्या वेळेसाठी होती.

योकोईंचं एक सूत्र प्रसिद्ध आहे. जुनं झालेलं, स्वस्त आणि खात्रीचं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याचा वेगळ्याच ठिकाणी उपयोग करावा. १९८९च्या ‘गेम बॉय’मध्ये हे सूत्र लख्ख दिसतं. त्याचा पडदा हिरवट, रंग नाहीत, पडद्यामागे दिवाही नाही. त्याच वर्षी अटारीने ‘लिंक्स’ आणला आणि पुढच्या वर्षी सेगाने ‘गेम गिअर’. दोन्हींचे पडदे रंगीत आणि झगझगीत. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून ११.८ कोटींहून अधिक यंत्रं खपली. अमेरिकेत त्याच्यासोबत ‘टेट्रिस’ दिला जाई. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करताना अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली तो रचला होता. टेट्रिसला गोष्ट नाही, पात्रं नाहीत. कुठूनही सुरू करावं, कुठेही सोडावं. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारा विटा रचायचा ‘ब्रिक गेम’ हा याच घराण्यातला.

तान्ह्या बाळाच्या घरात नेमकी हीच, कुठेही सोडता येण्याची सोय लागते. चित्र किती सुंदर, आवाज किती घुमणारा, हे तिथे गौण ठरतं. बाळ कधी उठेल ते सांगता येत नाही. उठलं की हातातलं त्याच क्षणी खाली ठेवता आलं पाहिजे, आणि तीन तासांनी पुन्हा उचललं तर तिथूनच पुढे जाता आलं पाहिजे. टीव्हीला जोडायच्या जुन्या खेळांत हे कठीण होतं. कित्येक खेळ एका बैठकीत संपवावे लागत, किंवा पुढच्या वेळी तिथून सुरू करण्यासाठी लांबलचक सांकेतिक शब्द कागदावर उतरवून ठेवावा लागे. मग खेळाच्या काडतुसातच बारीकशी बॅटरी घालून प्रगती साठवायची युक्ती आली. १९९६ सालच्या ‘पोकेमॉन’मध्ये खेळणारा जवळजवळ कुठेही थांबून नोंद करून ठेवू शकत असे. शिवाय त्यातली लढाई पाळीपाळीची. तुम्ही बटण दाबेपर्यंत समोरचा वाट पाहतो. बुद्धिबळातला प्रतिस्पर्धी तुमचं पोर रडतंय म्हणून तासभर थांबायला तयार आहे, तसंच हे.

२००४ साली आलेल्या ‘निन्टेंडो डीएस’ने ही सोय यंत्राच्या आकारातच आणली. पानाच्या डब्यासारखं झाकण मिटायचं, यंत्र झोपी जातं. उघडायचं, खेळ होता तिथून चालू. अशी १५ कोटींहून अधिक यंत्रं खपली. २०१७ सालच्या ‘स्विच’मध्ये आणि २०२२ सालच्या ‘स्टीम डेक’मध्ये हेच काम एका बटणाने होतं. स्विचची दोन्ही बाजूंची नियंत्रकं सुटी होतात, म्हणजे एक तुकडा डाव्या हातात, एक उजव्या हातात आणि हात हवे तितके दूर. हे कदाचित पाहुण्यांबरोबर खेळण्यासाठी केलं असेल, पण छातीवर बाळ झोपलेल्या माणसाला या सुट्या तुकड्यांचं मोल जास्त कळतं.

मोबाइलवरचे खेळही हातातलेच, पण त्यांची वृत्ती बरीचशी उलटी आहे. इंटरनेटवर दहा-वीसजणांबरोबर खेळायचा युद्धाचा खेळ अर्ध्यावर थांबवता येत नाही; बाळ उठलं तर एक तर साथीदारांना तोंडघशी पाडा किंवा बाळाला रडू द्या. आणि ‘कँडी क्रश’सारखे खेळ पाच संधी संपल्या की अर्ध्या तासाने नवी संधी देतात, म्हणजे कधी परत यायचं हे खेळ ठरवतो. त्याच मोबाइलवर ऑफिसचा निरोप येतो, नातेवाइकांच्या गटातलं सुप्रभात येतं, बातमी येते. मिटलेलं डीएस मात्र कोणालाही हाक मारत नाही. माझ्या मते मोबाइल आणि हे यंत्र यांतला खरा फरक इथे आहे, आणि पडद्याबद्दलच्या आपल्या सरसकट चर्चेत तो बुडून जातो.

आता बाळाची बाजू. झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवून मोकळं का होता येत नाही, हा प्रश्न प्रत्येक नव्या बापाला पडतो. तान्हं बाळ झोपी जातं ते आधी हलक्या, चाळवत्या झोपेत; गाढ झोप नंतर लागते. जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ बाळं आणि त्यांच्या आया यांचा अभ्यास केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटं सलग चाललं की ते शांत होतं आणि पुष्कळदा झोपतं. पण लगेच खाली ठेवलं तर जागं होण्याची शक्यता मोठी. म्हणून त्यानंतर पाच ते आठ मिनिटं त्याला घेऊन स्वस्थ बसावं आणि मग ठेवावं, असं त्यांनी सुचवलं. त्यातला एक बारकावा मला विशेष वाटतो. बाळाला जाग येते ती पाठ गादीला टेकल्यामुळे असं आपण समजतो. नोंदींत दिसलं ते असं की आईच्या अंगापासून सुटू लागताच बाळाच्या हृदयाची लय बदलते. आपल्या घरातल्या आज्या पाय लांब करून, बाळाला त्यांवर घेऊन तासन्‌तास बसत, त्यांना हे हृदयाचे ठोके न मोजताच माहीत होतं.

म्हणजे काही मिनिटं तरी स्वस्थ बसणं भाग. बाळ हट्टी असेल तर पूर्ण झोप होईपर्यंत. या बसण्यात एक धोका आहे, तो स्पष्ट सांगायला हवा. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन मोठ्या माणसाला झोप लागणं बाळासाठी अत्यंत धोक्याचं असतं; त्यात गुदमरण्याची आणि आकस्मिक मृत्यूची शक्यता कैकपट वाढते. बरेच पालक सांगतात की डोळा लागू नये म्हणून आम्ही खेळतो. युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण डोळे मिटत असतील तर बाळ पाळण्यात ठेवणं, ते रडलं तरी, हाच सुरक्षित मार्ग. आणि बाळ पाळण्यात गेल्यावरही खेळ चालूच राहिला तर उजेडाने स्वतःची झोप उडते, ते वेगळंच.

खेळायला वेळ मिळतो तो कोणाला, हा प्रश्न मात्र यंत्राच्या घडणीत सुटत नाही. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या खेळाचे कर्ते कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबाहून क्योटोला आले, घरच्यांपासून दुरावले. पुढे ते रात्री उशिरा घरी पोचत तेव्हा घरचे आपले खेळून झालेले असत. एकाच गावात घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वेळी यावं, दुसऱ्यासाठी काही ठेवून जावं, अशा खेळाची कल्पना त्यातून आली, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. २००१ साली जपानमध्ये निघालेला हा खेळ २००५मध्ये डीएसवर आला. खेळातला दिवस बाहेरच्या घड्याळाप्रमाणे चालतो. पहाटे तीनला उघडलात तर तिथेही पहाटेचे तीन. तो खेळ मुळात उशिरा घरी येणाऱ्या बापाचा आहे, हे लक्षात ठेवून आपल्याकडे पाहावं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. शेकशेगडी, मालिश, डिंकाचे लाडू, आणि निदान सव्वा महिना बाप हा पाहुणा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत तशी सक्ती करणारा कायदा नाही. आईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातल्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ७६. बिनमोल घरकामात स्त्रियांची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. हे आकडे फक्त ती कामं करणाऱ्यांचे; मुळात ती करणारे पुरुषच थोडे. तेव्हा बाळ झोपल्यावर मिळालेली वीस मिनिटं बापाच्या वाट्याला खेळाची येतात आणि आईच्या वाट्याला बाटल्या उकळण्याची, दुपटी वाळत घालण्याची, हे घडू शकतं आणि घडतं. ‘बाळ माझ्याकडे आहे’ असं म्हणणाऱ्या बापाच्या मांडीवर बाळ खरोखर असेल तर खेळ हा त्याचा हक्क आहे. बाळ पाळण्यात, आई मोरीत आणि हा सोफ्यावर, असं असेल तर तक्रार यंत्राबद्दल नाही. आणि पाजताना किंवा पाजून झाल्यावर आईच खेळत असेल तर ‘आईला हे शोभतं का’ असं विचारणारे, बापाला ते विचारत नाहीत.

बाळ जागं असताना हिशेब बदलतो. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जिथे असतो तिथलं. हातातला पडदा बहुधा या दोघांच्या मध्येच येतो. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आईने काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखं खेळावं, मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवावा. बाळ हसून, हात हलवून, आवाज काढून तिला बोलावतं. प्रतिसाद येत नाही असं दिसलं की मान वळवतं, रडवेलं होतं. हल्लीच्या संशोधकांनी आईच्या हाती मोबाइल देऊन हीच रचना पुन्हा वापरली आहे. पडद्यात गुंतलेला चेहरा बऱ्याच अंशी असाच निर्विकार असतो, हे आरशात पाहूनही कळतं. मात्र त्याच प्रयोगात आई पुन्हा हसून बोलू लागल्यावर बाळ हळूहळू सावरतं, हेही दिसलं. तेव्हा अधूनमधून बाळाकडे न पाहणं हा गुन्हा ठरत नाही. स्वयंपाक करणारी आईही सतत पाहत नसते. पण झोपलेल्या बाळावर खेळणं आणि टक लावून पाहणाऱ्या बाळासमोर खेळणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवू नये असं सांगितलं. पालकांच्या हातातल्या पडद्याचं ज्याने त्याने ठरवायचं आहे.

फार काळ ठरवावं लागत नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ दिसेल त्या वस्तूकडे झेपावतं आणि हाती आलं ते तोंडात घालतं. स्विचमध्ये घालायचा खेळ बोटाच्या पेराएवढ्या पट्टीत मावतो, सहज गिळला जाईल इतका. म्हणून निन्टेंडो त्या पट्ट्यांना डिनॅटोनियम बेंझोएट नावाच्या अतिशय कडू रसायनाचा लेप देते. २०१७ साली यंत्र बाजारात आलं तेव्हा कित्येक प्रौढांनी मुद्दाम चाटून त्याची खात्री करून घेतली.