वाक्यातील हरवलेला कर्ता

मुळशीच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होऊन गेली. १९२१ मध्ये सुरू झालेला हा लढा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२४ पर्यंत चालला. टाटांच्या धरणाने अडविलेले पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते व त्याची वीज मुंबईकडे जाते, हे सर्वज्ञात आहे. ज्या कायद्याने मावळ्यांच्या जमिनी घेतल्या, त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याची इंग्रजी भाषा मात्र सहसा कोणी तपासत नाही. वास्तविक व्याकरणाच्या तासाला याहून चांगला धडा मिळणे कठीण.

त्या कायद्याचे चौथे कलम पाहावे. सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन हवी असल्याचे सरकारला दिसून आले की कार्यवाही सुरू होते, हा त्याचा आशय. प्रारंभीच्या उपवाक्याचा कर्ता आहे ‘इट’. हा केवळ जागा भरणारा, कोणाचाच निर्देश न करणारा. पुढे ‘लँड इज नीडेड’. जमीन हवी आहे, पण कोणाला, हे क्रियापद सांगत नाही. ज्याची गरज, तोच वाक्यातून अदृश्य!

शाळेत ‘पॅसिव्ह व्हॉइस’ शिकविला जातो तो वाक्ये उलटविण्याची कसरत म्हणून. कर्म पुढे आणावे, क्रियापद बदलावे, कर्त्याआधी ‘बाय’ लावावे आणि गुण पदरात पाडून घ्यावेत. शिवाय पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोग, हे फसवे समीकरण मनात पक्के होते. ‘शेतकऱ्याने जमीन दिली’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद ‘जमीन’ या कर्मानुसार चालते. इंग्रजीत मात्र हेच वाक्य सरळ ‘ॲक्टिव्ह’ ठरते. क्रियापद कोणाच्या तंत्राने चालते, हा मराठी प्रयोगाचा प्रश्न. उद्देश्याच्या जागी कोणाला बसविले, हा इंग्रजी व्हॉइसचा. ती जागा कर्माला दिली की खरा कर्ता गाळण्याची सोय होते.

मराठीही या बाबतीत निर्दोष नाही. ‘जमीन धरणात गेली’ असे धरणग्रस्तही सहज बोलून जातात. येथे प्रयोग कर्तरी आणि कर्ता चक्क जमीन; जणू ती आपल्या पायांनी चालत गेली!

कर्ता गाळणे ही प्रत्येक वेळी लबाडीच असते, असे नव्हे. द्रावण कोणी तापविले, याला प्रयोगशाळेच्या वृत्तांतात महत्त्व नसते. परंतु जमीन, मजुरी व नुकसानभरपाई यांच्या व्यवहारात देणारा कोण, घेणारा कोण, हाच मुख्य प्रश्न असतो.

१८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती त्याने आवश्यक केली, हे स्वागतार्हच. तथापि त्याच्या अकराव्या कलमाचा आरंभ जुन्याच धाटणीचा आहे. ‘नीडेड’च्या जागी ‘रिक्वायर्ड’ आले, इतकेच.

तेव्हा ‘व्हॉइस बदला’ या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न परीक्षेत यावेत: क्रिया कोणी केली? तो वाक्यात आहे काय? नसल्यास का नाही? मुळशी तालुक्यातल्या पौडपासून हिंजवडीपर्यंतच्या मुलांना उद्या घरी आलेली नोटीस वाचावी लागेल. त्या वेळी ‘बाय’ची कसरत नव्हे, हे तीन प्रश्नच उपयोगी पडतील.