मनिलांतील यथेच्छ भात

परदेशांतील लोक काय खातात ह्यापेक्षां, काय खाल्लें म्हणजे त्यांना जेवल्यासारखें वाटतें, हा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. फिलिपाईन्स देशापुरतें त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें, आणि तो शब्द कोंकणांतील श्रोत्यांना तरी परका वाटणार नाहीं: भात.

मराठींत जसे शेतांतली साळ, कांडलेले तांदूळ आणि शिजलेला भात असे निरनिराळे शब्द आहेत, तसेच तागालोग भाषेंतही आहेत: पालाय, बिगास आणि कानिन. भाताशीं जें जें म्हणून खावयाचें, मग ती मासळी असो, शिरक्यांत शिजविलेलें 'आदोबो' नांवाचें मांस असो, किंवा चिंच घालून केलेलें 'सिनिगांग' हें आंबट कालवण असो, त्या सर्वांस 'उलाम' हें एकच नांव. आपल्याकडील तोंडीं लावणें तें हेंच. मांस हें तोंडीं लावणें व भात हें जेवण, ही त्यांची समजूत ध्यानांत घेतली, म्हणजे मनिलांतील मॉलमधल्या स्वस्त उपाहारगृहांचा उलगडा होतो.

मॉल हें तेथें केवळ खरेदीचें ठिकाण नव्हे. बाहेर दमट उकाडा असतां आंत थंड हवा फुकट मिळते. पुष्कळ मॉलमध्यें रविवारीं कॅथलिक लोकांची मिस्सा देखील होते. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, कारकून, परदेशीं गेलेल्या लेकीनें पैसे पाठविले म्हणून नातवंडांना घेऊन आलेली आजी, अशी सर्व मंडळी तेथें जेवावयास बसतात.

अशा उपाहारगृहांपैकीं 'मँग इनासाल' हें नमुन्यादाखल घेऊं. 'मँग' हें वडीलधाऱ्या पुरुषाच्या नांवापूर्वीं लावण्याचें पद, आपल्याकडील 'काका'सारखें. आणि 'इनासाल' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलें. एडगार सिया ह्या तरुण व्यापाऱ्यानें २००३ सालीं इलोइलो शहरांतील एका मॉलच्या वाहनतळांत त्याचें पहिलें दुकान थाटलें. सात वर्षांतच, २०१० सालीं, 'जॉलिबी' ह्या तेथील बलाढ्य कंपनीनें त्याचा सत्तर टक्के हिस्सा ३०० कोटी पेसोंना विकत घेतला.

पदार्थ तसा साधा आहे. कोंबडीच्या तुकड्यांना शिरका, आलें, लसूण, गवती चहा आणि कलामान्सी नांवाच्या सुपारीएवढ्या लिंबाचा रस लावून ते मुरत ठेवतात व मग कोळशावर भाजतात. भाजतांना वरून शेंद्रीच्या बियांनीं रंगविलेलें तेल लावितात. ही शेंद्री मूळची अमेरिका खंडांतली. १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिको व मनिला यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतें ये-जा करीत असत, त्या दळणवळणांतून ती पूर्वेकडे आली. भाजलेल्या मांसाबरोबर कच्च्या पपईचें आंबटगोड लोणचें खाण्याची तिकडे चाल आहे. त्याचें नांव 'अचारा'. हिंदीतल्या 'अचारा'शीं त्याचें नातें निराळें सांगावयास नकोच. हें सर्व केळीच्या पानावर वाढतात, आणि पुष्कळजण चमचा बाजूस सारून हातानें जेवतात.

परंतु गिऱ्हाईक येतें तें भातासाठीं. थोडे पैसे अधिक मोजले कीं भात हवा तितका. वाढपी भाताचें भांडें घेऊन टेबलांमधून फिरत असतो. हात वर केला कीं पानांत आणखी एक मूद पडते. तीवर तेंच केशरी तेल ओतून घ्यावयाचें. मांसाचा तुकडा मोजका, भात मात्र बेहिशेबी. मालकाचा हिशेब उघड आहे: कोंबडी महाग, भात त्या मानानें स्वस्त, आणि मनुष्याच्या पोटाला अखेर मर्यादा असते. गिऱ्हाइकाचा हिशेबही तितकाच पक्का असतो. दुपारीं असें जेवलें कीं रात्रीची चिंता निम्मी होते.

ह्याच भातावरून २०१७ सालीं मोठें वादळ उठलें. सिनेटच्या कृषिसमितीच्या अध्यक्षा सिंथिया व्हिलार यांनीं, अशा अमर्याद भातानें मधुमेह वाढतो, तो बंद व्हावा, असें मत बोलून दाखविलें. लोक इतके खवळले कीं तसा कायदा करण्याचा विचार नाहीं, असा खुलासा बाईंना करावा लागला. त्यांचें म्हणणें वैद्यकदृष्ट्या खोटें नव्हतें. पांढऱ्या भाताचा अतिरेक आणि मधुमेह यांचा संबंध डॉक्टर मान्य करतात. शिवाय ज्या देशांतील लोस बान्योस येथें १९६० सालीं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली, आणि जेथें १९६६ सालीं निघालेला 'आय. आर. आठ' हा वाण हिंदुस्थानच्या शेतांतही पोंचला, तोच देश आज जगांतील सर्वांत मोठ्या तांदूळ-आयातदारांत मोडतो, हीही गोष्ट लहान नव्हे. तथापि ज्याच्या पानांत मांसाचा एकच तुकडा आहे त्याला भात कमी खा म्हणून सांगणें, म्हणजे त्याच्या जेवणावरच हात घालणें होय. आणि लोकांचा राग तेथेंच होता.

कित्येक नगरपालिकांनीं अधिक शहाणा मार्ग काढला: उपाहारगृहांनीं मागणाऱ्यास अर्धी वाटी भात देण्याची सोय ठेवावी, असा नियम केला. भात पानांत टाकला जाऊं नये, हा त्याचा हेतु. अधिक मागणाऱ्यास त्यांत मनाई नाहीं.