पवित्र कम्युनियन : पवित्र शास्त्राचा आधार कोणता?

पवित्र मिस्सेत आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो. मात्र त्यामागील शास्त्राधार कोणी विचारला, तर आपल्यापैकी अनेकजण शेवटच्या भोजनाच्या प्रसंगापाशी थांबतात. इतर ख्रिस्ती पंथांतील बंधुभगिनी तर थेट विचारतात की, सर्वांनी प्याल्यातून प्यावे असे येशूने सांगितले असताना तुम्हा कॅथलिकांना केवळ भाकरच का दिली जाते? या प्रश्नाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. तथापि, उत्तर देण्याआधी आपण स्वतः शास्त्र उघडलेले बरे.

प्रभुभोजनाच्या स्थापनेचा वृत्तांत नव्या करारात चार ठिकाणी आढळतो : मत्तय २६, मार्क १४, लूक २२ आणि करिंथकरांस पहिले पत्र ११. यांपैकी लेखी स्वरूपात सर्वांत प्राचीन आहे तो संत पौलाचा. हे पत्र साधारणतः इ.स. ५४-५५ च्या सुमारास लिहिले गेले, म्हणजे शुभवर्तमाने लिहिली जाण्यापूर्वी. जे आपल्याला प्रभूपासून लाभले तेच आपण सोपवून दिले, असे पौल तेथे सांगतो. ख्रिस्तसभेची परंपरा आणि शास्त्र हे दोन वेगळे प्रवाह नव्हेत, हे या एका वाक्यातून कळून येते.

‘माझ्या स्मरणार्थ’ हे शब्दही समजून घेण्यासारखे आहेत. निर्गम १२ मध्ये वल्हांडणाचा दिवस स्मरणाचा दिवस म्हणून पाळण्याची आज्ञा आहे. यहुदी लोकांच्या दृष्टीने ते स्मरण म्हणजे निव्वळ जुनी आठवण नव्हे. प्रत्येक पिढीने जणू आपणच मिसर देशातून सुटलो असे मानून ते भोजन करावयाचे असते. त्याच भोजनाच्या पार्श्वभूमीवर येशूने प्याला हाती घेतला आणि कराराच्या रक्ताविषयी सांगितले. सिनाय पर्वतापाशी मोशेने लोकांवर शिंपडलेल्या रक्ताची (निर्गम २४:८) आठवण प्रेषितांना झाली नसेल, हे संभवत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात स्थापनेचा वृत्तांत नाही, परंतु सहावा अध्याय आहे. तेथे ५४ व्या वचनापासून खाण्यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद ‘चावून खाणे’ या रोखठोक अर्थाचे आहे. ऐकणाऱ्यांना हे बोलणे कठीण वाटले आणि पुष्कळ शिष्य निघून गेले. आपण केवळ रूपकाने बोलत होतो, असे सांगून येशूने त्यांना परत बोलावले नाही. उलट त्याने बारा जणांनाही विचारले की, तुमचीही जाण्याची इच्छा आहे काय?

आता प्याल्याचा प्रश्न. करिंथकरांस पहिले पत्र ११:२७ च्या ग्रीक पाठात अयोग्य प्रकारे भाकर खाणारा ‘किंवा’ प्याला पिणारा प्रभूच्या शरीरासंबंधी आणि रक्तासंबंधी दोषी ठरतो, असे म्हटले आहे. दोहोंपैकी एकाचाही अनादर शरीर व रक्त या दोहोंचा अनादर ठरत असेल, तर प्रत्येकात संपूर्ण ख्रिस्त उपस्थित आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये हीच शिकवण स्पष्ट केली. दोन्ही प्रकारांनी कम्युनियन देण्यास मात्र शास्त्राचा विरोध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात काही प्रसंगी त्याची मुभा दिली. खुणेच्या दृष्टीने दोन्ही प्रकारांचे कम्युनियन अधिक परिपूर्ण, हेही आपण मोकळेपणाने मान्य करावे.

आमच्या मते, याच अध्यायातील दुसरा भाग आपण पुरेसा वाचत नाही. करिंथचे भाविक कोणाच्या तरी घरी जमत आणि उपासनेला जोडून भोजन करीत. ज्यांच्याजवळ पुष्कळ असे ते आधीच खाऊन घेत. एक उपाशी राही, दुसरा मद्याने धुंद होई. श्रमजीवी व गुलाम यांना उशिरा पोहोचणे भाग पडत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. अशा मेळाव्यात खाल्ले जाते ते प्रभुभोजनच नव्हे, असे पौल खडसावून सांगतो. प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, ही त्याची सूचना याच संदर्भात आली आहे.

या परीक्षेचा अर्थ आपण बहुधा पापनिवेदनापुरता घेतो. तो अर्थ खराच आहे. गंभीर पापाची जाणीव असणाऱ्याने प्रथम प्रायश्चित्त संस्कार घ्यावा, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. परंतु ‘शरीर’ न ओळखणे, असे पौल म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहाव्या अध्यायातील विचारही असणार : भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर आहोत. भाकरीतील ख्रिस्ताला वंदन करावयाचे आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या गरिबाला ओळख द्यावयाची नाही, हे त्याला मान्य नाही. भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरून वेदीकडे जाणाऱ्यालाही हे लागू पडते, आणि मत्तय ५:२३-२४ तर हे अधिकच स्पष्टपणे सांगते.

सुरुवातीच्या ख्रिस्तसभेने हे कसे आचरले, याची साक्ष संत जस्टिन यांनी इ.स. १५५ च्या सुमारास रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात आहे. विश्वास ठेवणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे जगणारे यांनाच ते अन्न दिले जाई. जे येऊ शकत नसत त्यांच्याकडे उपसेवक ते घेऊन जात. आजही आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेले जाते, ते याच प्रथेला धरून. त्याच सभेत ऐपतीप्रमाणे दान गोळा केले जाई आणि ते अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्या गरजांसाठी सभेच्या प्रमुखाकडे सोपविले जाई.