शाकाहारी घरातील यूरिक ॲसिड आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

वाढलेले यूरिक ॲसिड हा मांसाहार व मद्यपान करणाऱ्यांचा विकार आहे, अशी समजूत समाजात दृढ आहे. त्यामुळे कंदमुळेही वर्ज्य असलेल्या घरात एखाद्याच्या रक्ततपासणीत हा आकडा वाढलेला आढळला, की प्रथम आश्चर्य वाटते आणि पुढे त्याकडे दुर्लक्ष होते. हे दुर्लक्ष मूत्रपिंडाला महाग पडू शकते.

शरीरातील पेशींची झीज होताना प्युरीन नावाच्या द्रव्याचे विघटन होते व त्यातून यूरिक ॲसिड निर्माण होते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग शरीरातच तयार होतो. आहारातून येणारा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असतो. त्याचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडांवाटे होतो. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर बहुसंख्य रुग्णांत आवक फार नसते, जावक अडलेली असते. सामान्यतः पुरुषांत ७ आणि स्त्रियांत ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही वरची मर्यादा मानली जाते.

यूरिक ॲसिड आणि मूत्रपिंड यांचे नाते दुहेरी आहे. लघवी घट्ट व आम्लयुक्त झाली, की यूरिक ॲसिडचे खडे होतात. ते साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाहीत. सोनोग्राफीत मात्र आढळतात. उलट बाजूने, मूत्रपिंडाची क्षमता घटली तरी रक्तातील यूरिक ॲसिड वाढते. म्हणजेच वाढलेला आकडा कधी रोगाचे कारण, तर कधी रोगाची सूचना असतो. २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ॲलोप्युरिनॉल या औषधाने यूरिक ॲसिड कमी झाले, परंतु मूत्रपिंडाची घसरण मंदावली नाही. म्हणून गाऊट किंवा मुतखडा नसताना केवळ आकडा पाहून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करणे योग्य नाही. ज्यांना हे विकार आहेत, त्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याने घेतलेले औषध मध्येच सोडू नये.

वाशीम जिल्ह्यातील व्यापाऱ्याची दिनचर्या या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. वऱ्हाडातील कडक उन्हाळा, सोयाबीन-तुरीच्या हंगामात गादीवरून न उठता चाललेले व्यवहार आणि सूर्यास्तानंतर चौविहाराचा नियम यांमुळे दिवसभरात पोटात जाणारे पाणी फारच थोडे असते. आकडा वाढताच अनेक घरांत प्रथम डाळ बंद होते. वास्तविक डाळी व भाज्यांतील प्युरीनमुळे गाऊटचा धोका विशेष वाढत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक ग्राहकासोबत घेतले जाणारे साखरयुक्त शीतपेय अधिक अपायकारक ठरते, कारण साखरेतील फ्रुक्टोजपासून यूरिक ॲसिड तयार होते.

शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंजा लाड येथील प्राचीन मंदिरे यांमुळे या जिल्ह्यात तपाराधनेची परंपरा जिवंत आहे. भाद्रपदातील पर्वात अनेक घरांत अठाई व त्याहून दीर्घ उपवास होतात. वर्षीतप तर भर उन्हाळ्यातून जाते व अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने त्याचे पारणे होते. दीर्घ उपवासात शरीर चरबी जाळू लागते. त्यातून निर्माण होणाऱ्या कीटोन द्रव्यांमुळे यूरिक ॲसिडचा निचरा मंदावतो. त्यात पाणी कमी पडले, की लघवी अधिक घट्ट होते. निरोगी व्यक्तीत हा बदल पारण्यानंतर ओसरतो. आधीच दुर्बल झालेले मूत्रपिंड मात्र तो ताण सहन करीलच, असे नाही.

सर्वांत मोठा धोका येथेच संभवतो. उपवासात पायाचा अंगठा सुजतो, असह्य ठणका लागतो आणि औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते. पाणी कमी असलेल्या शरीरात अशा गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो व त्याचे कार्य अचानक मंदावू शकते.

म्हणून दीर्घ तपापूर्वी क्रिएटिनिन व त्यावरून काढला जाणारा ईजीएफआर, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या, लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्यांनीही यूरिक ॲसिड वाढते. डॉक्टरांना चालू औषधांबरोबर उपवासाचा संकल्पही सांगावा. तिविहार उपवासात उकळलेले पाणी दिवसभर विभागून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. त्यांच्यासाठी निर्जल उपवास धोक्याचा आहे.

तीर्थंकर प्रकृतीच्या बंधाला कारण असलेल्या सोळा भावनांत 'शक्तितस्तप' या भावनेचा समावेश आहे. तप आपल्या शक्तीनुसार करावे, हा तिचा आशय. ज्येष्ठांना उपवासाऐवजी एकासन किंवा स्वाध्याय सुचविताना घरातील मंडळींना संकोच वाटतो. शक्तीची मर्यादा ओळखून केलेला तो बदलही धर्माला धरूनच आहे, हे त्यांना आदरपूर्वक सांगता येईल. त्यासाठी तपासणीचा अहवाल पच्चक्खाण घेण्यापूर्वी हाती असणे मात्र आवश्यक आहे.