वजन केलेला बास मासा परत पाण्यात. मग वसंतातल्या स्पर्धांवर वाद का?

अमेरिकेत वसंत ऋतू आला की गावोगावच्या तलावांवर पहाटेच बोटींची रांग लागते. निमित्त, बास मासेमारीची स्पर्धा. दिवसभर कितीही मासे पकडा, वजनकाट्यावर बहुतेक ठिकाणी पाचच चालतात. एकूण वजन जास्त, तो विजेता. मासे बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे. मेलेल्या माशामागे वजन कापतात. नंतर सगळे पुन्हा पाण्यात. मालवणकरांना हे पटणं कठीणच!

मग अडचण कुठे? पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसला आलं की बास काठच्या उथळ पाण्यात घरटं करतात. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. तो जागा सोडत नाही. आमिष जवळ आलं की भुकेपेक्षा घरटं वाचवायला झडप घालतो आणि गळाला लागतो. त्याला दूरच्या काट्यापर्यंत नेलं की ब्लूगिलसारखे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. नर जिवंत सुटतो, पण घरटं रिकामं झालेलं असतं.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘बास प्रो टूर’मध्ये मासा बोटीवरच तोलून लगेच सोडतात. गावच्या स्पर्धेत प्रत्येक बोटीवर पंच कुठून आणणार? कयाकवाल्यांनी सोपा मार्ग काढलाय: मोजपट्टीवर मासा ठेवायचा, फोटो काढायचा आणि तिथेच सोडायचा.