रोजच्या वाटणीतून वगळलेली लेकरे

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आद्य मंडळीतील एका गाऱ्हाण्याची नोंद आहे. यरुशलेमेत शिष्यांची संख्या वाढत असता ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांनी इब्री बांधवांविरुद्ध अशी कुरकुर केली, की रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते. ही उपेक्षा कोणी हेतुपुरस्सर केली असे लूक म्हणत नाही. संख्या वाढली होती, भाषा निराळी होती, आणि वाटप करणाऱ्यांच्या नजरेतून काही घरे निसटली, एवढेच वृत्तांतावरून दिसते. तेव्हा प्रेषितांनी सर्व शिष्यसमुदायास एकत्र बोलावले व सात जणांची निवड त्याच्यावर सोपविली. स्तेफनापासून नीकलावापर्यंत त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या घरची माणसे वगळली गेली होती, त्यांच्यातीलच लोकांच्या हाती वाटणी देण्यात आली असे ह्यावरून दिसते.

मूळ ग्रीक भाषेत रोजच्या वाटणीस ‘दियाकोनिया’ हा शब्द आहे, व पुढे चौथ्या वचनात वचनाच्या सेवेसही तोच शब्द योजिला आहे. अन्नाची वाटणी ही हलकी सेवा आणि उपदेश ही श्रेष्ठ सेवा, असा भेद ह्या भाषेत राहत नाही.

ह्या वृत्तांताच्या प्रकाशात लहान मुलांसाठी गावोगावी असलेल्या समित्यांच्या कार्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरण बेळगाव सीमाभागातील ऊसतोड कामगारांच्या लेकरांचे घेतो.

आपल्या देशात बालसेवेची व्यवस्था नाही असे नव्हे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता ह्यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा अंगणवाडीच्या द्वारे मिळाव्यात, अशी तिची योजना होती. ‘अंगणवाडी’ ह्या कल्पनेमागे ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांचे बोर्डी-कोसबाडचे कार्य उभे आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्या कार्याचे सूत्र होते.

पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महिला व बालविकास हा विषय पंचायतींकडे सोपविता येण्याजोग्या २९ विषयांत घातला गेला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यावर गावोगावी आरोग्य, स्वच्छता व पोषण ह्यांच्या समित्या झाल्या. बालसंरक्षण समित्या आल्या, शाळांच्या समित्याही आहेत. आणि जेथे ख्रिस्ती वस्ती आहे तेथे मंडळीचे पंचमंडळ व भगिनी मंडळ आहेच. सारांश, समित्यांचा तुटवडा नाही.

तरीही लेकरे निसटतात. ती कशी, हे पाहावे.

दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. त्यांतील काही अथणी, चिकोडी, रायबाग, गोकाक ह्या तालुक्यांत उतरतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघांनाही राबावे लागते. पहाटे अंधारात फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधून गाडी भरायची. तान्हे मूल फडाच्या बांधावर किंवा कोपीत आठदहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असते. हंगाम चारपाच महिने चालतो. अर्भकाला पहिल्या लसीनंतरच्या मात्रा दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत द्यायच्या असतात, आणि सहाव्या महिन्यानंतर त्याला वरचे अन्न लागते. तो सारा काळ अशा हंगामात सहज बुडून जातो.

मूळ गावच्या वहीत हे मूल ‘स्थलांतरित’ असते, तर इकडच्या वहीत त्याचे नावच नसते. अंगणवाडी सेविका म्हणते, आमच्या सर्वेक्षणात ही वस्ती नाही. पंचायत म्हणते, हे आमचे मतदार नव्हेत. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. शाळा समितीला तान्ह्या मुलाशी कर्तव्य नाही, आणि पंचमंडळ म्हणते, ही आमच्या मंडळीची कुटुंबे नव्हेत. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या वहीपुरते खरे आहे. त्यांत भाषेची अडचण वाढते: सेविका कानडी बोलते, आईला मराठी किंवा लमाणी येते. यरुशलेमेतील गाऱ्हाणे ह्याहून फारसे निराळे नव्हते.

कायद्याचा आधार येथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात असे ठरविले, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यावर अंगणवाडी मिळावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला. परंतु हंगामी वस्ती मागणीचा कागद हलेपर्यंत उठून जाते. म्हणून हक्क मिळवून देण्यासाठी त्या त्या गावातील समित्यांनी हंगामाच्या आरंभीच एकत्र बसणे अगत्याचे आहे.

ह्या कामी मंडळीने काय करावे? आमच्या मते चार गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत भगिनी मंडळाने कोपी-कोपी फिरून गरोदर स्त्रिया व लहान मुले ह्यांची यादी करावी आणि प्रत्येक आईजवळचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहून राहिलेल्या लसी टिपून घ्याव्यात. दुसरी, ही यादी पंचायतीच्या अध्यक्षांपुढे ठेवून सेविका, आशा, आरोग्य परिचारिका, शाळा समिती, मुकादम आणि कारखान्याच्या शेती विभागाचा प्रतिनिधी ह्यांची महिन्यातून एक बैठक घडवून आणावी. तिसरी, मंडळीत कानडी व मराठी दोन्ही भाषा जाणणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, त्यांनी दुभाषाचे काम पत्करावे. चौथी, आठवड्याचे सहा दिवस बंद राहणारे सभागृह मुलांच्या दिवसभराच्या सांभाळासाठी उघडून द्यावे.

ह्या चारींहून महत्त्वाची गोष्ट त्या सात नावांत आहे. बैठकीत टोळीतील निदान दोन आया बसल्या पाहिजेत. आहार कोणत्या वेळी द्यावा, हे पहाटे फडावर जाणाऱ्या आईवाचून दुसरे कोण सांगणार? दुपारी बारा वाजता शिजणारे अन्न तिच्या मुलापर्यंत पोहोचत नाही, हे तिला न विचारता समितीस कळणार नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून ती येऊ शकत नाही, म्हणून बैठक सायंकाळी वस्तीवरच भरवावी.

काहींना शंका येईल, की ह्यात मंडळीचे साक्षकार्य कोठे राहिले? इतरांना उलट शंका येईल, की ह्यामागे मंडळीचा काही अंतस्थ हेतू असावा. दोन्ही शंकांना एकच उत्तर आहे. काम पंचायतीच्या अध्यक्षतेखाली, उघडपणे, सर्वांसोबत करावे. कोणाचाही धर्म किंवा जात विचारू नये आणि साह्याच्या बदल्यात काहीही मागू नये. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी व उपऱ्यासाठी राखून ठेवण्याची आज्ञा आहे. तेथे उपऱ्याने आधी कोणाचे व्हावे अशी अट नाही. प्रभूने बालकांना जवळ घेतले तेव्हाही त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत हे विचारले नव्हते.

हंगाम संपून टोळी परत निघेल तेव्हा प्रत्येक मुलाच्या कार्डावर ह्या गावाने दिलेल्या लसीची व वजनाची नोंद असावी, म्हणजे पुढच्या गावातील समितीस तेथून काम सुरू करता येईल. येत्या दिवाळीपूर्वीच्या पंचमंडळाच्या सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर घेण्यात यावा, अशी आमची सर्व मंडळ्यांस नम्र विनंती आहे.